बातमी करणारा मोबाइल

मोबाइल आता घरोघरी पोचलाय. रांगोळीचे फोटो, मुलांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ आपण सहज काढतो, चार जणींना पाठवतो. पण याच मोबाइलवर बातमी करायला कुणी शिकवलं तर?

उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंडात हे घडलंय. चित्रकूटमध्ये २००२ साली ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र सुरू झालं. बातम्या आणणाऱ्या, लिहिणाऱ्या सगळ्या खेड्यातल्या बायका, त्यातही दलित जास्त. २००९ मध्ये त्याला युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. पुढे छापील अंक मागे पडला आणि या बायका मोबाइलवर व्हिडिओ बातम्या करू लागल्या. हा बदल ‘रायटिंग विथ फायर’ या माहितीपटात दिसतो. २०२२ मध्ये त्याला ऑस्करचं नामांकन होतं.

त्यातले शिकण्या-शिकवण्याचे प्रसंग मला फार आवडले. कुणी मोबाइल कधी हाताळलेलाच नाही, कुणाला त्यावरची इंग्रजी अक्षरं अडतात, कुणाच्या घरी वीजच नाही. मग चार्जिंग करायचं कुठे? शिकवणारी कुणी परकी बाई नाही, त्यांच्यातलीच अनुभवी सहकारी. म्हणून चुकायची लाज वाटत नाही. स्वयंपाक आपण आईजवळ उभं राहूनच शिकलो ना, तसंच हे.

पण नुसतं बटण दाबता येणं म्हणजे पत्रकारिता नव्हे. कोण बोललं, कुणी पाहिलं, दुसऱ्या बाजूचं म्हणणं काय, हे विचारणं हा खरा धडा. तो न शिकता मोबाइल हातात आला तर काय होतं, ते आपल्या महाराष्ट्राने पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ती भिक्षा मागून पोट भरणारी, भटक्या जमातीतली माणसं होती. त्या काळात मुलं पळवण्याचा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. मुळात तो पाकिस्तानातला, पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला. मूल परत आणून सोडतात, तो शेवटच कुणीतरी कापून टाकला होता!

म्हणजे कात्री तीच, कापणाऱ्याची नियत वेगळी. म्हणून पत्रकारितेच्या वर्गात आज व्हिडिओ जोडण्याबरोबरच, फोटो मुळात कुठला आणि कधीचा, हे इंटरनेटवर शोधायलाही शिकवतात. हे शिक्षण वर्गापुरतं का ठेवायचं? महिला मंडळात, बचत गटाच्या बैठकीत दहा मिनिटं काढू या. आलेला एखादा मेसेज सगळ्यांसमोर उघडून तपासू या. कॉलेजात जाणारी लेक हे शिकवायला आनंदाने येईल.

तांदूळ निवडल्याशिवाय आपण शिजत घालत नाही. मग मेसेज न निवडता पुढे कसा ढकलतो?