गावाचं नाव काढून टाक

मागे एकदा मी एक कविता लिहिली. पनवेलजवळ विमानतळासाठी उठवलेल्या गावांपैकी एका गावावर. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. रोज पनवेलहून बेलापूरला लोकलने जातो. ऑफिसातल्या एका ज्येष्ठांना कविता दाखवली. ते म्हणाले, "छान जमलीय रे. फक्त गावाचं नाव काढून टाक. उगाच कशाला?"

मी काढलं. तिथे 'आमचं गाव' असं घातलं. कविता छापून आली, व्हॉट्सॲपवर अंगठे आले. तेव्हापासून ती मला वाचवत नाही.

हे मित्रांना सांगितलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक : "नोकरी सोड. सरकारी खुर्चीत बसून कविता होत नसते." दुसरं : "अरे, कविता ती कविता. नावाने काय फरक पडतो?" मला ही दोन्ही उत्तरं साफ चुकीची वाटतात.

पहिल्यापासून सुरुवात करू. मराठी नवकवितेचं नाव घेतलं की पहिलं नाव येतं बा. सी. मर्ढेकरांचं. १९०९ साली खानदेशात फैजपूरला जन्म, १९५६ साली दिल्लीत मृत्यू. हा माणूस आकाशवाणीत अधिकारी होता. नोकरीने त्यांची कविता मारली का? 'काही कविता' १९४७ साली आलं, 'आणखी काही कविता' १९५१ साली. दोन्ही नोकरीत असताना. शिवाय तीन कादंबऱ्या, सौंदर्यशास्त्रावरचं लेखन आणि संगीतिका. इन्स्टावर 'राजीनामा दे, पॅशन फॉलो कर' सांगणाऱ्यांनी एकदा हिशेब करावा. राजीनामा कोणाला परवडतो? ज्याच्या बापाचा फ्लॅट आहे त्याला. माझ्या डोक्यावर होम लोन आहे आणि घरात आईची औषधं. कविता फक्त बेकारांनी आणि श्रीमंतांनीच लिहायची असेल, तर तसं स्पष्ट सांगा.

पण मर्ढेकरांची गोष्ट इथे संपत नाही. 'काही कविता'मधल्या कवितांवर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. सरकारी नोकरीतला माणूस कोर्टात, आणि कारण त्याची कविता. ते निर्दोष सुटले. नंतर त्यांनी गुळमुळीत लिहायला घेतलं का? नाही. पुढचा संग्रहही त्यांच्याच भाषेत आला. म्हणजे नोकरी आणि कविता एकत्र नांदू शकतात. फक्त तेव्हा कवीला भीतीची किंमत मोजावी लागते. मी ती मोजली नाही. माझ्यावर खटला नव्हता, नोटीस नव्हती, साधा मेमोही नव्हता. एक 'उगाच कशाला' पुरलं.

आता दुसरं उत्तर. नावाने फरक पडत नसेल, तर काढायला का सांगितलं? आम्हाला लागू असलेले केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम १९६४ सालचे आहेत. सरकारच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका ठरेल असं मत आम्ही जाहीरपणे मांडायचं नाही. मत सोडाच, तसं वस्तुस्थितीचं विधानही करायचं नाही. नीट वाचा, वस्तुस्थितीचंही! 'आमचं गाव गेलं' हा उसासा झाला. तो सगळ्यांना चालतो, कविसंमेलनात टाळ्याही घेतो. गावाचं नाव घातलं की त्याची वस्तुस्थिती होते. ज्येष्ठांना हे बरोबर कळलं होतं. कळलं नव्हतं ते मलाच.

हे फक्त आपल्याकडचं नाही. नायजेरियाचा गॅब्रिएल ओकारा सरकारी छापखान्यात पुस्तकबांधणी करायचा. पुढे तो सरकारचा माहिती अधिकारी झाला. सरकारची बाजू सांगणं हेच त्याचं काम. त्याच माणसाची 'द व्हॉइस' ही कादंबरी १९६४ साली आली. तिच्यातला तरुण गावात अवघड प्रश्न विचारत फिरतो आणि गावचा मुखिया त्याला हुसकावून लावतो. ओकाराने ती इंग्रजीत लिहिली, पण वाक्यांची ठेवण आपल्या इजो मातृभाषेची ठेवली. साहेबाची भाषा, साहेबाने घालून दिलेली नोकरी, आणि त्यातून निघालेला आवाज मात्र स्वतःचा.

आणि आपल्या पनवेलचं काय? इथल्या नाट्यगृहाला वासुदेव बळवंत फडक्यांचं नाव आहे. शिरढोणचा हा माणूस पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होता. कारकुनाच्या नावाचं नाट्यगृह बांधायचं, आणि त्याच गावातल्या कारकुनाने कवितेतून गावाचं नाव गाळायचं? फडक्यांसारखं बंड करा, असं मी कोणाला सांगत नाही. माझ्यातही तेवढी धमक नाही. मी एका शब्दाबद्दल बोलतोय.

तुमच्यापैकी कितीतरी जण एमपीएससीचा अभ्यास करत असतील आणि रात्री फोनच्या नोट्समध्ये कविता लिहीत असतील. नोकरी जरूर घ्या. पगार घ्या, हप्ते फेडा, आईला सुखात ठेवा. फक्त कोणी प्रेमाने 'उगाच कशाला' म्हणालं, की थांबून बघा, तो कुठला शब्द काढायला सांगतोय. बहुतेक वेळा कविता त्याच शब्दात असते.

नियमाप्रमाणे आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी : ही सगळी मतं माझी वैयक्तिक आहेत, सरकारची नाहीत.

आणि त्या गावाचं नाव कोंबडभुजे.