बचतीचे बक्षीस कोणाला?



मोठ्या हॉटेलच्या बाथरूममध्ये एक पाटी असते : ‘पाणी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा.’ आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथे अशी पाटी कुणी लावत नाही. तिथे कपडे विसळलेल्या पाण्याने फरशी पुसली जाते आणि उरलेले डबड्यात भरून संडासला नेले जाते. एकाच पाण्याकडून तीन कामे करून घेणाऱ्या या बायाबापड्यांना पाणीपट्टीत सवलत द्यावी, असे आजवर कोणाच्या मनात आले नाही. बऱ्याच जणांकडे तर पाणीपट्टीचे बिलच नाही, कारण नावावर नळ नाही.

‘जो व्यवसाय पाणी वाचवेल त्याला पैसे परत द्या’ अशी मांडणी करणारे पर्यावरणवादी मित्र आम्हाला भेटतात. ते हमखास कॅलिफोर्नियाचा दाखला देतात. म्हणून आधी तिथेच जाऊ.

दक्षिण कॅलिफोर्नियात सुमारे १ कोटी ९० लाख लोकांना घाऊक पाणी पुरवणारी मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्ट ही सार्वजनिक संस्था आहे. हॉटेल, रुग्णालय, कार्यालय यांनी जुने संडास काढून कमी पाण्याचे बसवले, बिनपाण्याच्या मुताऱ्या बसवल्या, वातानुकूलन यंत्रणेच्या शीतमनोऱ्यावर नियंत्रक लावला, की ठरलेली रक्कम परत मिळते. हिशेब सरळ आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी शेकडो किलोमीटरवरून ओढून आणण्यापेक्षा असलेले वाचवणे स्वस्त पडते. जुना संडास एका वेळेला १३ ते १९ लिटर ओततो, नवा ५ लिटरच्या आत भागवतो. हे खोटे नाही. पाणी खरोखरच वाचते आणि त्याला आमचा विरोध नाही.

पण परतावा येतो कुठून? मुख्यतः पाणीपट्टीतून. म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणारा मजूरही त्यात आपला वाटा भरतो. त्याच्या नावावर मीटर नाही, संडास घरमालकाचा. त्याने दोन बादल्या कमी वापरल्या तर त्याच्या हाती काय पडते?

आता यातली खरी मेख पाहा. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन २१८’ मंजूर केले. त्यानुसार पाणीपट्टी ही सेवेच्या खर्चापेक्षा जास्त घेता येत नाही. परिणाम असा, की इतरांकडून थोडे जास्त घेऊन गरिबाचे बिल कमी करायचे म्हटले की कायदा आडवा येतो. हॉटेलच्या नव्या मुतारीला दिलेला पैसा मात्र ‘पाणी मिळवण्याचा खर्च’ या खात्यात बसतो. २०१२ मध्ये याच राज्याने पाणी हा मानवी हक्क असल्याचा कायदा केला. २०१५ मध्ये गरिबांसाठी पाणीपट्टी सवलतीची योजना आखायला सांगितले, २०२० मध्ये तिचा अहवाल आला, २०२२ मध्ये विधिमंडळाने विधेयक मंजूर केले आणि राज्यपालांनी ते नाकारले. व्यवसायांचा परतावा त्या सगळ्या वर्षांत चालूच होता.

आम्हाला हे वाचताना महाड आठवले. मुंबई विधिमंडळाचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा १९२४ चा. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले. ठराव होता, पाणी नव्हते.

आपल्याकडे सवलतीची कल्पना नवी नाही. पुणे महापालिका पर्जन्यजल संधारण, सौरऊर्जा, गांडूळखत यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते. उद्या व्यवसायांच्या पाणीबचतीलाही ती मिळेल. तेव्हा मोजायचे कुठून? मुंबईत झोपडपट्टीसाठी माणशी ४५ लिटरचा निकष आणि इमारतींसाठी १३५ चा. जो १३५ वर आहे तो १०० वर आला तर ‘जलमित्र’. जो जन्मापासून ४५ वर आहे, तो काय? बचतीचे बक्षीस नेहमी आधीच्या उधळपट्टीवरून मोजले जाते. ज्याला उधळायला कधी मिळालेच नाही तो या गणितातून आपोआप बाद होतो. जातीचे नावही न घेता जातीची उतरंड कशी चालते, हे समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले होते. इथे ते लिटरमध्ये मोजता येते.

आणखी एक बाब, जिच्याबद्दल या मंडळींच्या तोंडून चकार शब्द निघत नाही. मॉल आणि आयटी कंपन्या सांडपाणी शुद्ध करून पुन्हा फ्लशला वापरतात, त्याचे कौतुक होते. त्या प्रकल्पाच्या टाकीतला गाळ कोण काढतो? ठेकेदाराची माणसे. ती कोणत्या समाजाची असतात हे तुम्हाला सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय असे काम करवून घेण्यास बंदी आहे. तरी माणसे टाकीत गुदमरून मरतात. इतकी, की ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर न्यावी लागली. वाचलेले पाणी मीटरवर दिसते. आत उतरलेला माणूस कोणत्या मीटरवर दिसतो?

काही मित्र म्हणतील, ‘तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता.’ आम्ही आणत नाही. ती टाकीच्या तोंडाशी आधीच उभी असते.

म्हणून कार्यकर्त्यांना एक काम सुचवतो. आपल्या शहरात व्यवसायांसाठी अशा सवलतीचा प्रस्ताव आला, तर हरकत लेखी नोंदवा आणि तीन अटी मागा. सवलतीचा पैसा निवासी पाणीपट्टीतून जाऊ नये. सवलत घेणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने टाकीसफाई यंत्राने होते याचा पुरावा दरवर्षी द्यावा. आणि वाचलेले पाणी त्याच प्रभागातल्या नळ नसलेल्या वस्तीकडे वळवावे, लिटरच्या आकड्यासह. डिसेंबर २०१४ मध्ये ‘पाणी हक्क समिती’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले आहे, की झोपडी अनधिकृत असली तरी अनुच्छेद २१ खाली तिथल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही. हरकतीच्या अर्जाला त्या निकालाची प्रत जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.