शिशाच्या काचेचा हिशेब

किरणोत्साराचा डोस शक्य तितका कमी ठेवायचा, हे कागदावर सगळ्याच रुग्णालयांना मान्य असतं. डॉक्टरांचे डोळे वाचवणाऱ्या, छताला टांगायच्या शिशाच्या काचेचं दरपत्रक पुढे आलं, की मात्र विचारणा होते, ‘यातून मिळणार काय?’ मी वर्षानुवर्षं कॅथलॅबमध्ये, क्ष-किरणांच्या शेजारी, काम करतो. हा प्रश्न विचारणारा कुणी अँजिओप्लास्टी चालू असताना टेबलाशेजारी उभा राहिलेला मी पाहिलेला नाही.

खर्च आणि फायदा जरूर तोला. आर्थिक बाजू पाहायला आंतरराष्ट्रीय नियमांचीही ना नाही. माझा राग आहे तो मापातल्या पापावर. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९७५ मध्ये टाळलेल्या एका मानव-रेमची (सामूहिक डोसच्या एककाची) किंमत १००० डॉलर धरली, १९९५ मध्ये २००० केली. त्या वीस वर्षांत तिथले भाव जवळपास तिप्पट झाले होते. आकडा वाढला आणि माणसाच्या शरीराचं मोल उतरलं! तरी त्यांनी आकडा छापला. आमचा आकडा खरेदी विभागाच्या मनात असतो, त्याला आव्हान देणार कुठे?

फायद्याची बाजू तर मोजलीच जात नाही. डोस मोजणारा टीएलडी बॅज शिशाच्या ॲप्रनच्या आत, छातीवर. डोळ्यांना काय लागलं, ते तो सांगत नाही. डोळ्याच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून सरासरी २० वर आणण्याची शिफारस २०११ मध्येच झाली, कारण मोतीबिंदू आधी मानलं जायचं त्यापेक्षा कमी डोसलाही होतो. जे मोजलं नाही ते हिशेबात शून्य, आणि शून्यासाठी काच कोण घेणार? वर पाळ्या बदलून डोस चौघांत वाटला, की कुणाचाच बॅज मर्यादा ओलांडत नाही. एकूण डोस तेवढाच, अहवाल स्वच्छ.

पैशाचीच अडचण असती, तर फुकटचे उपाय तरी झाले असते. क्ष-किरण चित्रणात सेकंदाला पंधराऐवजी साडेसात फ्रेम घेतल्या, तर डोस बराच उतरतो. क्ष-किरण नळीपासून एक पाऊल मागे सरकायला छदाम लागत नाही. तेही कुणी सांगत नाही, शिकवत नाही, तपासत नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. काच नाकारायची तर लेखी नाकारा. टाळता येणाऱ्या एका मिलिसिव्हर्टची किंमत किती रुपये धरली ते लिहा, खाली सही करा आणि तो कागद आमच्या डोसच्या नोंदींना जोडा.