सहीचा टेस्ट रिपोर्ट आणि बिनपरवान्याचा वायरमन

आपल्या मोहल्ल्यांत वायरिंगचे काम करणाऱ्या पोरांची कमी नाही. भिवंडी असो, मालेगाव असो की मुंब्रा, चौकात उभे राहून विचारा. थोड्याच वेळात पक्कड आणि टेस्टर घेऊन कुणीतरी हजर होतो. बहुतेकांनी हा हुन्नर उस्तादाच्या हाताखाली, भिंतीत झिऱ्या मारता मारता उचललेला असतो. हात साफ असतो. पण परवान्याचे विचारले की मान खाली जाते.

कायदा नवा नाही. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत ही अट होती, 2010 च्या केंद्रीय विनियमांत ती राहिली आणि 2023 च्या विनियमांतही आहे. वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यावे, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरने त्यावर देखरेख ठेवावी आणि हात लावणाऱ्याकडे परवाना असावा. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यापुरती सूट आहे. प्रत्यक्षात काम आपला पोरगा करतो, आणि नव्या मीटरसाठी टेस्ट रिपोर्ट लागला की कुठून तरी सही विकत आणली जाते. सही करणाऱ्याने ती जागा पाहिलेलीही नसते.

यात बिघडते काय, असे आपले व्यापारी बांधव विचारतात. दिवा तर लागतो! हो, लागतो. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर टाकला तरी दिवा लागतो आणि विझतोही. फक्त विझल्यानंतर होल्डरमध्ये करंट जिवंत राहतो आणि बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला त्याची खबर नसते. अर्थिंगची वायर वाचवण्यासाठी सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडली तरी मशीन चालते. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की त्या मशीनचे लोखंडी अंग फेजवर येते. पाइपच्या आत वायरी पिळून टेप गुंडाळलेला जोड तर सर्रास. असा जोड सैल झाला की तापत राहतो आणि एमसीबी उडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. मागाच्या कारखान्यात त्याच वायरीवर रुईची धूळ बसलेली असते. मग रात्री आग लागली की पंचनाम्यात ‘शॉर्ट सर्किट’ हे दोन शब्द लिहून प्रकरण मिटते. वायरिंग कुणी केले होते, हे कुणी विचारत नाही.

दोष एकट्या पोराचा नाही. काम पॉइंटच्या हिशोबाने ठरते आणि आपण दुकानदार घासाघीस करतो. पोरगा म्हणतो, “चाचा, अर्थची वायर वेगळी ओढावी लागेल, तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवावा लागेल.” आपण म्हणतो, “बेटा, शेजारच्या दुकानात कुठे आहे?” तिथेच तो गप्प होतो. फर्निचरवर आणि काचेच्या दारावर मात्र आपला हात सैल असतो. हाच पोरगा आखातात गेला की अर्थच्या वायरीशिवाय एक सॉकेट बसवत नाही, कारण तिथे तपासणारा येतो आणि काम नापास करतो. म्हणजे त्याला शिकवता येते.

आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चांगलाच आहे, पण घर चालवणाऱ्या पंचविशीतल्या कारागिराला दोन वर्षे वर्गात बसणे परवडत नाही. त्याला पक्कड धरायला शिकवायची गरजही नाही. त्याला हवे आहे ते हिशोबाचे ज्ञान: कोणत्या लोडला किती चौरस मिलिमीटरची वायर, आणि त्या वायरीवर किती अँपियरचा एमसीबी. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर बत्तीसचा एमसीबी बसवला तर आधी वायर जळेल, एमसीबी नंतर उडेल, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. पाचशे व्होल्टचा मेगर लावून इन्सुलेशन किमान एक मेगाओहम येते का, हे पाहणे तर बहुतेकांनी आयुष्यात केलेले नाही.

काम करत शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय 2015 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत केली गेली. मात्र ते प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. परवान्यासाठी राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडेच अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज भरतानाच आपली पोरे अडखळतात.

भायखळ्याच्या साबू सिद्दीकसारख्या जुन्या तांत्रिक संस्था आपल्याकडे आहेत. व्यापारी संघटनांनी अशा संस्थांकडून रात्री, दुकाने बंद झाल्यावर, वर्ग चालवून घ्यावेत. फी दुकानदारांनी भरावी. शाळेचा हॉल, एक मेगर, एक निवृत्त सुपरवायझर आणि अर्ज भरून देणारा एक जाणकार, एवढ्यावर सुरुवात होते. तोपर्यंत आपल्या दुकानाचा टेस्ट रिपोर्ट कपाटातून काढून पाहावा. त्यावर ज्याची सही आहे, तो माणूस आपल्या दुकानात कधी आला होता का?