पिस्तूल कमरेला, पण झाकलेलेच!

वरातीत किंवा वाढदिवसाच्या रीलमध्ये शर्ट वर करून कमरेचे पिस्तूल दाखवणारा तरुण आता कोणालाच नवा नाही. शस्त्र परवान्याचे असेल तर त्यात गैर काय, असा प्रश्न केला जातो. गैर आहे. शस्त्र नियम २०१६ मधील नियम ३२ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलेच हवे. अमेरिकेतील काही राज्यांत लपवून शस्त्र बाळगण्याचा वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे परवाना एकच, आणि शस्त्र झाकणे ही त्यातली सक्ती आहे. मिरवण्यासाठी परवाना असे काही कायद्यात नाहीच.

शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत अधिकारही नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांविषयी चिंता व्यक्त करताना हे पुन्हा स्पष्ट केले.

अर्ज कुठे करायचा?

सोलापूर शहर हद्दीत राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तांकडे, तर बार्शी, माढा, अक्कलकोटसारख्या तालुक्यांतील रहिवाशांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय किमान २१ वर्षे. अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ऑनलाइन प्रणालीवर भरायचा. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षणही लागते.

मग पोलीस चौकशी. तुमच्यावर गुन्हे आहेत का, शेजाऱ्यांशी वाद आहे का आणि मुख्य म्हणजे जिवाला धोका खरा आहे का, हे पाहिले जाते. म्हणून ‘स्वसंरक्षणासाठी’ एवढा एक शब्द लिहून भागत नाही. रोकड घेऊन फिरणारा व्यापारी असाल तर व्यवहाराचे पुरावे जोडा. धमकी आली असेल तर तक्रारीची प्रत जोडा. पोलीस अहवालासाठी नियमात ३० दिवस आणि त्यानंतर निर्णयासाठी ६० दिवस दिले आहेत. ही मुदत अर्जदाराने लेखी पत्रात जरूर नमूद करावी. नकार मिळाला तर कारणे मागता येतात, अपीलही करता येते.

चौकशीत ढिलाई झाली की काय होते, हे बीडने दाखवले. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली आणि त्यानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली. फेरतपासणी झाली, परवाने रद्दही झाले. पण ती तपासणी खून होण्याआधी व्हायला हवी होती. प्रत्येक जिल्ह्याने आपल्याकडचे परवाने नेमके किती आणि कोणत्या कारणासाठी दिले, हे स्वतःहून तपासून आकडा जाहीर करायला काय हरकत आहे?

परवाना हातात आल्यावर

तो पाच वर्षांसाठी असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. परवान्यावर क्षेत्रही लिहिलेले असते, आणि सोलापूरकरांची चूक होण्याची शक्यता इथेच जास्त. अक्कलकोटला स्वामींचे दर्शन घेऊन गाडी तशीच पुढे गाणगापूरला काढली की आपण कर्नाटकात असतो. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर सीमेपलीकडे तेच पिस्तूल विनापरवाना ठरते. यात्रेत, मिरवणुकीत, सभेत किंवा शाळा-कॉलेजच्या आवारातही खास परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला जाताना पिस्तूल घरी, कुलपात.

लग्नात हवेत बार काढण्याची हौस तर फारच महागात पडते. इतरांचा जीव धोक्यात येईल अशा बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि ज्यांना हा सगळा खटाटोप नको म्हणून गावठी कट्टा सोपा वाटतो, त्यांनी लक्षात ठेवावे : विनापरवाना बंदुकीला साधारणपणे किमान दोन वर्षांची कैद आहे.

जुन्या घरांत आणखी एक अडचण असते. वडिलांची पीकसंरक्षणाची बारा बोअर माळ्यावर पडून असते, वडील जाऊन काही वर्षे झालेली असतात. परवाना त्यांच्या नावाचा होता, तो वारसाकडे आपोआप येत नाही. अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि मग हवा असल्यास वारस म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज करा.