डेट गेली, म्हणजे नक्की काय गेलं?

ब्रिटनमधल्या मराठी घरांत रव्याचीही डेट जाते आणि चिकनचीही. मग घराघराच्या स्वभावाप्रमाणे निकाल लागतो. काही घरांत दोन्ही कचऱ्यात जातात, काही घरांत दोन्ही वास घेऊन शिजवली जातात. माझ्या मते दोन्ही घरं चुकतात, कारण दोन्ही फक्त तारीख वाचतात. तारखेच्या आधी छापलेले ‘बेस्ट बिफोर’ किंवा ‘यूज बाय’ हे शब्द वाचायचे राहतात. अर्थ जवळपास सारखाच वाटतो, म्हणून आपण दोन्हींना सरसकट ‘एक्सपायरी’ म्हणून मोकळे होतो. हा शब्द आपण बहुधा औषधांच्या पट्टीवरून उचलला. इथल्या खाद्यपदार्थांवर तो सहसा नसतोच.

‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची मुदत आहे. तोपर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा उत्पादकाने ठरवल्याप्रमाणे राहील, एवढंच ती सांगते. डाळ, पोहे, रवा, बिस्किटं, डबाबंद टोमॅटो यांच्यावर हेच शब्द असतात. नीट साठवलेली तूरडाळ त्या तारखेनंतर फार तर शिजायला वेळ घेईल. ‘यूज बाय’चा संबंध सुरक्षिततेशी आहे. ती तारीख उलटली की कायद्याच्या दृष्टीने पदार्थ असुरक्षित ठरतो. हे २०११ च्या युरोपीय नियमात होतं आणि ब्रेक्झिटनंतर ब्रिटनच्या कायद्यातही राहिलं. असा माल दुकानदाराला अर्ध्या किमतीतही विकता येत नाही. ‘बेस्ट बिफोर’ उलटलेला माल मात्र, खाण्याजोगा असेल तर, कायदेशीरपणे विकता येतो.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो: ‘आमच्या आईने आयुष्यभर वास घेऊनच ठरवलं, कोणाला काही झालं नाही.’ आईचं नाक खरंच तयार होतं. पण ते कशावर तयार झालं, तेही पाहू. आपल्याकडे दूध आल्या आल्या तापवलं जायचं, मासळी आणि मटण त्याच दिवशी शिजायचं. शिजवून, कापून, पाकिटात बंद केलेलं आणि आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवून थंडच खायचं मांस त्या स्वयंपाकघरात नव्हतंच. अन्न आंबवणारे, बुळबुळीत करणारे जंतू वासाने कळतात. आजारी पाडणारे जंतू कळतीलच असं नाही. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, आणि पदार्थाचा वास, रंग, चव जशीच्या तशी राहू शकते. स्मोक्ड सामन, मऊ चीज, मांसाचे तयार काप यांत त्याचा धोका अधिक असतो. गरोदर स्त्रिया आणि वयस्कर माणसं यांना तो विशेष घातक. म्हणजे नातवंडासाठी सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आई-वडील आणि बाळंतपणाची वाट पाहणारी मुलगी, ज्यांच्यासाठी आपण फ्रिज भरतो तीच माणसं. त्यांच्या बाबतीत ‘वास तर चांगला येतोय’ हा पुरावा मला मान्य नाही.

‘मग सगळंच टाकून देऊ, कशाला जोखीम?’ असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. ब्रिटनमधली घरं वर्षाला सुमारे ६० लाख टन अन्न वाया घालवतात. ज्या घरात पानात टाकायचं नाही असं शिकवलं गेलं, त्या घरातून डाळीचं न फोडलेलं पाकीट कचऱ्यात जातं तेव्हा मला वाईट वाटतं. मॉरिसन्सने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या ब्रँडच्या बहुतेक दुधावरून ‘यूज बाय’ काढून ‘बेस्ट बिफोर’ छापायचं जाहीर केलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, वास घेऊन ठरवा. दूध पाश्चराइज केलेलं असतं, नासलं तर कळतं. तिथे आईचंच नाक कामाला येतं.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. ‘यूज बाय’च्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत पदार्थ फ्रीझरमध्ये टाकता येतो, म्हणजे तोही वाया जात नाही. आणि पाकीट फोडल्यावर ‘तीन दिवसांत संपवा’ असं छापलं असेल, तर पुढची तारीख कितीही लांब असो, तीन दिवसच धरायचे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांशी बोलताना हा हिशेब जसाच्या तसा लावू नये. तिथे बाळांच्या फॉर्म्युला दुधाखेरीज इतर पदार्थांवर तारीख छापायची केंद्रीय सक्ती नाही. बरंचसं उत्पादकावर आणि राज्यावर सोपवलेलं आहे. शब्द तेच, पण त्यांच्यामागे कायद्याचं बळ किती ते देशागणिक बदलतं.

आपल्या मंडळापुरतं माझं मागणं स्पष्ट आहे. गणेशोत्सवात महाप्रसादासाठी आणि फूड बँकेसाठी घरोघरून जिन्नस येतात, आणि स्वयंपाक समिती ते तारखेवरून निवडते. त्या यादीत तारखेशेजारी आणखी एक रकाना हवा: तारखेआधी कोणते शब्द आहेत? ‘बेस्ट बिफोर’ उलटलेला, पाकीट शाबूत असलेला जिन्नस आपल्या स्वयंपाकात चालेल. फूड बँकेला द्यायचा असेल, तर त्यांना आधी विचारावं, कायद्याची आडकाठी नाही. ‘यूज बाय’ उलटलेला जिन्नस मात्र कोणीही, कितीही श्रद्धेने आणलेला असो, समितीने नम्रपणे पण तिथल्या तिथे बाजूला काढावा.