सनद नसलेले चरित्र

एडगर ॲलन पो यांचे नाव निघाले की आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, 'तो दारुडा आणि वेडा होता, म्हणून तसले भयानक लिहीत असे.' दुसरे, 'त्याने कुरआनची थट्टा केली, त्याला कशाला वाचायचे?' ही दोन्ही वाक्ये मी व्यासपीठावरून ऐकली आहेत. बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही हातात पो यांचे पुस्तक मात्र पाहिलेले नाही. एखादी हदीस स्वीकारण्यापूर्वी ती कुणी कुणाकडून ऐकली, सांगणारा विश्वासार्ह होता की नव्हता, याची साखळी तपासण्याचे शास्त्र ज्या समाजाने उभे केले, त्या समाजाच्या लेखकांनी असे ऐकीव बोलावे, याचे मला वाईट वाटते. म्हणून हा वाद उकरून काढतो आहे.

पहिल्या वाक्याचा मूळ रावी कोण? रूफस ग्रिसवोल्ड. ३ ऑक्टोबर १८४९ रोजी, निवडणुकीच्या दिवशी, पो बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात अर्धवट शुद्धीत सापडले. अंगावरचे कपडेही त्यांचे स्वतःचे वाटत नव्हते. ७ ऑक्टोबरला इस्पितळात ते वारले. वय अवघे चाळीस. मृत्यूचे नेमके कारण आजही ठरलेले नाही. दोनच दिवसांनी 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये 'लुडविग' या टोपणनावाने मृत्युलेख आला. पो गेले, पण त्याचे दुःख फार थोड्यांना होईल, असा त्याचा सूर होता. हा लुडविग म्हणजेच ग्रिसवोल्ड. पो यांनी त्याच्या काव्यसंग्रहावर जाहीर टीका केली होती. 'ग्रॅहम्स मॅगझिन'मध्ये १८४२ साली पो यांची खुर्चीही त्यालाच मिळाली होती. म्हणजे साक्षीदार वैरी, आणि तोही नाव लपवून बोलणारा. आपल्या मुहद्दिसांनी अशा रावीला दारातही उभे केले नसते.

पुढचे तर अधिक वाईट आहे. पो यांचे समग्र लेखन संपादित करण्याचे काम याच माणसाच्या हाती गेले. ती अमानत होती. त्याने १८५० मध्ये त्या ग्रंथांना स्वतःचे चरित्र जोडले आणि पो यांच्या पत्रांत फेरफार करून ती छापली. पो कृतघ्न दिसावेत आणि ग्रिसवोल्ड थोर दिसावा, अशी वाक्ये त्यांत घुसडली. आर्थर हॉब्सन क्विन या अभ्यासकाने १९४१ मध्ये मूळ पत्रे शेजारी ठेवून ही बनावटगिरी उघड केली. तोवर नव्वद वर्षे उलटून गेली होती. दारुड्या, वेड्या पोची मूर्ती जगभर पोचली होती. आपण जे वाक्य फेकतो, ते त्या बनावट कारखान्यातला माल आहे.

मग पो पीत नव्हते काय? पीत होते. ते लपवण्याचे कारण नाही. विद्यापीठात १८२६ मध्ये त्यांनी जुगाराचे कर्ज केले, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १८३१ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले, हेही खरे. स्वतःविषयी थापा मारण्यातही ते मागे नव्हते. कधीही न केलेल्या ग्रीस आणि रशियाच्या प्रवासाच्या गोष्टी त्यांनी स्वतःच पसरवल्या होत्या. पण याच माणसाचे दुसरे पान वाचायचे की नाही? तीन वर्षांचे होण्याआधीच आई क्षयाने गेली. ज्या जॉन ॲलन यांनी सांभाळले, त्यांनी कधी कायद्याने दत्तक घेतले नाही आणि वारशात काही ठेवले नाही. १८३६ मध्ये लग्न झाले ते तेरा वर्षांच्या आतेबहिणीशी, व्हर्जिनियाशी. १८४२ मध्ये गाता गाता तिच्या तोंडातून रक्त आले आणि पाच वर्षे झिजून ३० जानेवारी १८४७ रोजी तीही क्षयानेच गेली. भय या माणसाला बाटलीतून काढावे लागत नव्हते, ते त्याच्या घरात मुक्कामाला होते.

गरिबीचे कारणही बाटलीत शोधू नये. अमेरिकेत परदेशी लेखकांच्या हक्कांना कायद्याचे संरक्षण मिळाले ते १८९१ मध्ये. तोवर तिथले प्रकाशक डिकन्ससारख्यांची पुस्तके फुकटात छापत. देशी लेखकाला मग पैसे कोण देणार? १८४५ मध्ये 'द रेव्हन' ही कविता गाजली, पण कवीच्या हाती आले ते मोजके डॉलर. अशा स्थितीत मासिकांच्या संपादनाची नोकरी करत त्यांनी साठ-सत्तर कथा, कविता आणि ढीगभर परीक्षणे लिहिली. सतत झिंगलेल्या माणसाचे हे काम नव्हे.

आता दुसरे वाक्य. इथे मी पो यांचा वकील नाही. १८३१ मधल्या 'इस्राफेल' या कवितेला त्यांनी एक टीप जोडली आणि खाली नाव घातले कुरआनचे. इस्राफील यांचा आवाज साऱ्या सृष्टीत गोड, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. कुरआनमध्ये इस्राफील हे नावच नाही. आपल्या परंपरेत ते कयामतचा सूर फुंकणारे फरिश्ते आहेत. हे वाक्य जॉर्ज सेल यांनी १७३४ मध्ये इंग्रजी भाषांतराला जी प्रस्तावना जोडली, तिच्यातले आहे. पो यांनी प्रस्तावना आणि ग्रंथ यांत फरक केला नाही. १८४५ मधल्या शहरजादीच्या 'एक हजार दुसऱ्या' गोष्टीत तर पृथ्वीला तोलणारी निळी गाय आणि तिची चारशे शिंगे आहेत, आणि तळटीपेत हवाला सेल यांच्या कुरआनचा. सूरह बकरा सर्वांना ठाऊक आहे, तिच्यात अशी गाय नाही. दुसऱ्या कुठल्याही सूरहमध्ये नाही. १८२९ मध्ये 'अल आराफ' लिहिताना त्यांनी जन्नत आणि जहन्नुम यांच्या मधली ती जागा उचलून एका ताऱ्यावर नेली. सूरह आराफमधल्या त्या माणसांना जन्नतची आशा असते. पो यांनी शेवटी त्यांच्या वाट्याला मृत्यू दिला आणि ती आशाच काढून घेतली.

हा दोष आहे, आणि तो ग्रिसवोल्डच्याच जातीचा आहे: मूळ न पाहता दुसऱ्याच्या नावावर वाक्य खपवणे. पण याला थट्टा म्हणता येत नाही. 'इस्राफेल'मध्ये पो त्या फरिश्त्याच्या गाण्यापुढे तारेही गप्प होताना पाहतात आणि कवीने पोचावे अशी उंची म्हणून त्याच्याकडे बघतात. खरा जाब विचारायचा असेल तर तो दुसरीकडे आहे. 'द गोल्ड-बग' या १८४३ च्या कथेतला ज्युपिटर पाहा. गुलामीतून सुटलेल्या त्या काळ्या माणसाला पो यांनी हसण्याचा विषय केले आहे. त्यावर आपल्या व्यासपीठावर मी एक शब्द ऐकलेला नाही. कारण ऐकीव रागाला पाने उलटावी लागत नाहीत.

आणि न वाचण्याचा तोटा कुणाचा? १८४१ मध्ये 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' लिहून पो यांनी ऑगस्त द्युपाँ उभा केला. त्याच्या मागून १८८७ मध्ये शेरलॉक होम्स आला, आणि आल्या आल्या त्याने द्युपाँला नावे ठेवली, इतके हे नाते जवळचे. फ्रान्समध्ये बोदलेअरने वर्षानुवर्षे खपून पो यांच्या कथा भाषांतरित केल्या. जपानच्या तारो हिराई यांनी तर एदोगावा राम्पो हे टोपणनावच एडगर ॲलन पो या नावावरून घेतले. आपल्या घरांतून इब्ने सफींच्या 'जासूसी दुनिया'ची पारायणे झाली. गुप्तहेरकथेच्या ज्या कुळातली ती पुस्तके, त्याचा मूळपुरुष बाल्टिमोरच्या कबरीत आहे.

सूरह हुजुरातमध्ये बातमीची तहकीक करण्याचा हुकूम आहे आणि गीबतची उपमा मेलेल्या भावाच्या मांसाशी दिली आहे. हे आपण जुम्याला ऐकतो. कुणीतरी कुठेतरी लिहिलेल्या एका ओळीवरून साऱ्या मुसलमानांचे चरित्र ठरवले जाते, तेव्हा आपण पुरावा मागतो आणि योग्यच करतो. तोच पुरावा एका मेलेल्या अमेरिकन ख्रिस्ती लेखकासाठीही मागितला पाहिजे. न्यायाची मापे दोन ठेवता येत नाहीत. यापुढे पो यांच्यावर बोलणाऱ्याने पुस्तक सोबत आणावे. निळ्या गायीच्या पानावर बोट ठेवून त्यांना खुशाल खोटे पाडावे, मी टाळी वाजवीन. मात्र ग्रिसवोल्डची वाक्ये घेऊन येणाऱ्याला मी भर सभेत उठून एकच प्रश्न विचारणार आहे: तुमची सनद काय?